खांबेटेसाहेब आणि माईंचा पॉट

खांबेटेसाहेब लोखंडाचा ताप बघत असत. वाचून हसू आलं तर जरूर हसा. मीही पहिल्यांदा हसलो होतो आणि त्याची फळं मला यथावकाश मिळाली. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई जसा उलटा हात लावते, तसा ते दिसेल त्या लोखंडाला हात लावत. कारखान्याचं फाटक, स्टेशनच्या पुलाचा कठडा, टांग्याच्या चाकाची लोखंडी धाव, घरातला अडकित्ता, काहीही. हात लावायचा, क्षणभर डोळे मिटायचे, ‘हं’ म्हणायचं आणि पुढे निघायचं. ठाण्याच्या कोपरीतल्या त्यांच्या शेजाऱ्यांची समजूत अशी की साहेब फार देवभोळे आहेत, चराचराला नमस्कार करत जातात.

“आधी हात लावून पाहावा, मग हात उचलावा,” हे त्यांचं आवडतं वाक्य. ते लोखंडाबद्दल बोलतायत की माणसांबद्दल, हे मला बराच काळ कळलं नाही. आणि कळलं ते एक मोठा गोंधळ घालून झाल्यावरच.

माझी त्यांची पहिली भेट मुलाखतीची. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, देशभर धरणं, पूल, बोगदे उभे राहत होते, आणि कोलशेतच्या रस्त्यावर, खाडीच्या अलीकडे, आमचा पत्र्याच्या शेडचा कारखाना ह्या सगळ्यांसाठी साखळ्या आणि हूक घडवत होता. हूक म्हणजे क्रेनच्या किंवा दोराच्या टोकाला असतात ते, टनावारी ओझं अडकवायचे. मी डोंबिवलीहून आलो होतो. तेव्हाची डोंबिवली म्हणजे चहूकडे भातखाचरं, मध्ये थोडी घरं आणि प्रत्येक घरात नोकरी शोधणारा एक मुलगा. त्या मुलांपैकी मी सर्वांत निरुपयोगी. रसायनशास्त्राची पदवी होती, पण पोलादाशी माझा संबंध दाढीच्या पात्यापुरता. तपासणीखात्याचे मुख्य म्हणून खांबेटेसाहेब समोर बसले होते. उंच, किडकिडीत, कोट खुर्चीला लटकवलेला. मी हात पुढे केला तर त्यांनी तो हातात न घेता त्यावर आपला उलटा हात ठेवला.

“हात गार पडलेत. घाबरलात का?”

“नाही साहेब.”

“म्हणजे खोटंही बोलता येतं. बरं आहे, नोकरीत लागतं. बसा, चहा घ्या. ऊन व्हा, मग बोलू.”

चहा आला. मी तो एका घोटात घेतला, जीभ सडकून भाजली आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांना नुसती मान हलवली. साहेबांना वाटलं, मुलगा मितभाषी आहे. ह्या एका गैरसमजावर मला नोकरी लागली. तो गैरसमज पहिल्याच दिवशी दुपारच्या आत धुऊन निघाला.

त्याचं असं झालं. तपासणीखोलीच्या मधोमध एक यंत्र होतं. दोन लोखंडी खांब, त्यांच्यामध्ये झुलणारा लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला जाडजूड घण. घण वर अडकवून ठेवायचा. खाली त्याच्या वाटेत पोलादाची बोटाएवढी चौकोनी कांडी आडवी ठेवायची, तिला मध्यावर बारीकशी खाच पाडलेली. मग खटका ओढायचा. घण झोकात खाली यायचा, कांडी मोडायचा आणि पलीकडे वर चढायचा. कांडी चिवट असेल तर ती घणाची बरीचशी ताकद खाऊन टाकायची आणि तो पलीकडे जेमतेम चढायचा. कांडी कचकड्याची निघाली की तिला मोडून घण मजेत वरपर्यंत. किती चढला ते बाजूच्या चकतीवरचा काटा सांगायचा. कामगार ह्या यंत्राला ‘पाळणा’ म्हणत. मला हे काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की खोलीत डबा ठेवायला सोयीची सपाट जागा एकच आहे. तिथे मी माझा पितळी डबा ठेवला. आणि मग, हा खटका कसला बरं, म्हणून ओढला.

आवाज ऐकून साहेब धावत आले. मी भिंतीला चिकटून उभा होतो. डबा कोपऱ्यात पडला होता, भेंडीची भाजी छतापासून चकतीपर्यंत सर्वत्र होती. साहेबांनी आधी मला नखशिखांत पाहिलं, सगळे अवयव जागच्या जागी आहेत अशी खात्री केली, मग चकतीवरची भेंडी बोटाने पुसली आणि काटा वाचला.

“दातार, तुमच्या डब्याने ताकद बरी खाल्ली. पितळ सज्जन आहे. चेपलं, पण फुटलं नाही.”

दुपारी त्यांनी आपल्या डब्यातल्या अर्ध्या पोळ्या माझ्यापुढे सरकवल्या. “तो चेपका डबा टाकू नका,” म्हणाले. “जेवताना रोज समोर ठेवत जा. अचानक घाव बसला तर कसं वागावं, ते त्याला कळतं.” मी तो डबा पुढे इतकी वर्षं वापरला की लग्नानंतर बायकोने पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच विचारला.

पोलाद म्हणजे काय, हे मात्र त्यांनी मला कारखान्यात शिकवलं नाही. घरी, स्वयंपाकघरात शिकवलं. संक्रांत जवळ आली होती. कोपरीला त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात माई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, वड्यांसाठी गुळाचा पाक करत बसल्या होत्या. साहेबांनी सरळ पातेल्यात चमचा घातला आणि पाक वर ओढला.

“हे बघा दातार. पाक ऊन आहे आणि मी सावकाश ओढतोय. तार निघते की नाही? आता झटका देतो. तुटली! पाक तोच, ऊब तीच, फक्त घाई वाढली.” मग एक थेंब गार पाण्यात सोडला, त्याची गोळी झाली ती पाटावर ठेवली आणि अडकित्त्याने टिचकी मारल्यासारखं केलं. गोळीचे तुकडे झाले. “आणि आता गारठाही आला. पोलादाचं असंच. सावकाश वाकवा, वाकेल. ऊन असताना ठोका, सोसेल. पण घाई आणि गारठा एकत्र आले की जातिवंत पोलादाचीसुद्धा काच होते. आदल्या दिवशीपर्यंत ओझं उचलत असतं, आणि थंडीच्या सकाळी एकच हिसका बसतो, की सूचना न देता राजीनामा.”

“झालं का शिकवून?” माई म्हणाल्या. “पाकाचा सत्यानाश केलात. आणि शिकवताच आहात तर पॉटचंही सांगा ह्याला. कुणाचा आहे, आणि कुठे आहे.”

साहेबांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं.

पॉट म्हणजे आईस्क्रीमचा पॉट. माईंच्या माहेरचा. लाकडी बादली, तिच्यात बसणारा पत्र्याचा डबा, वर फिरवायचा दांडा. साहेबांना पोलादाच्या कांड्या गार करून मोडून बघायच्या होत्या, आणि कारखान्यात गार करायचं साधन काही नव्हतं. तेव्हा त्यांनी एक दिवस माईंची बादली उचलून नेली. डबा आणि दांडा तेवढे घरी राहिले. “आमचा पॉट नोकरीला लागलाय हो,” माई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. “अर्धा इथे, अर्धा कोलशेतला. सुट्टीवरसुद्धा येत नाही.” बादलीत बर्फ आणि कोपरीच्या मिठागरातलं जाडं मीठ कालवायचं, त्यात सुतळीने बांधलेल्या कांड्या खोचायच्या. मीठ मिसळलं की बर्फाचा गारठा असा वाढतो की बोट बुडवलं तर बोट आपलं आहे की शेजाऱ्याचं ते कळत नाही. बर्फ मिळायचा चेंदणीच्या कोळीवाड्यात, मासळीवर घालायला आणलेला. तो गोणपाटात बांधून सायकलवरून आणायचं काम माझ्याकडे. जानकीबाय म्हणून एक कोळीण होती, ती मला बघितलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, “आयला गो माजा बामन! बरफ नेतंस न् मावरा सोरतंस, असा कसा रं तू गिऱ्हाईक?” मावरा म्हणजे मासळी. बर्फ कुठून येतो, हे माईंना सांगायचं नाही, असा माझा आणि साहेबांचा करार होता.

गार कांडी बर्फातून काढून पाळण्यावर ठेवायची आणि घण सोडायचा, ह्यात वेळ जाता कामा नये. नाहीतर कांडीला हवेची ऊब लागते आणि ती आपली खरी वागणूक दाखवत नाही. साहेबांनी त्याला एक युक्ती काढली होती. ‘गणपती बाप्पा’ म्हणता म्हणता चिमट्याने कांडी उचलून जागेवर ठेवायची, आणि ‘मोरया’ला खटका. घड्याळ बघायची गरजच नाही. पहिल्यांदा हे काम माझ्याकडे आलं तेव्हा साहेब मोठ्याने म्हणाले, “गणपती बाप्पा!” आणि जन्मापासूनच्या सवयीने मी “मोरया!” म्हणून दोन्ही हात जोडले. चिमटा खाली पडला. बर्फातली कांडी माझ्या बुटात गेली. मी एका पायावर नाचत होतो आणि साहेब शांतपणे म्हणत होते, “भक्ती चांगली आहे दातार. पण हात कामावर असताना ती तोंडाने करावी.”

त्यांचं आणखी एक खास शास्त्र होतं. पोलाद तापवायला लागलं की लाल होण्याच्या बरंच आधी त्यावर एक निळा रंग चढतो. मोराच्या मानेसारखा, बघत राहावा असा. “फसू नका,” साहेब म्हणत. “लाल असताना ते गरीब असतं, म्हणाल तसं वळतं. बर्फात ते माथेफिरू. पण सर्वांत कपटी निळं. ना धड ऊन ना धड गार, दिसतं देखणं, आणि घाव घातला की चिरतं.” ही वर्गवारी ते माणसांनाही लावत. मालकांना आम्ही शेठ म्हणत असू. त्यांच्या केबिनमधून बाहेर आलेल्याला साहेब विचारत, “आज रंग काय?” उत्तर ‘निळा’ असलं तर रजेचा अर्ज खिशातच ठेवायचा. हळूहळू सगळा कारखाना ही भाषा बोलू लागला. शेठना वाटे, आपल्या लोकांना रंगकामाची फार आवड आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे माझ्या मुख्य पराक्रमाकडे.

उत्तरेकडच्या डोंगरात कुठेतरी मोठं काम चाललं होतं, आणि तिथे सामान वर चढवायच्या दोरवाटेसाठी आमच्याकडून हूक जायचे होते. माल तयार झाला. साध्या हवेत त्याच्या कांड्या पाळण्यावर उत्तम उतरल्या. साहेबांनी त्या बर्फातही घालून पाहिल्या. करारात तसं काही नव्हतं, पण डोंगर म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. ‘मोरया’ म्हटलं, खटका ओढला, आणि घण कांडी मोडून जो वर गेला तो जणू वाटेत काही नव्हतंच. एक नाही, सगळ्या कांड्या तशाच.

“ह्या हुकांखाली माणसं उभी राहतात,” साहेब तुकडे हातात घेऊन म्हणाले. मग नेहमीसारखंच शांतपणे, “शेठशी बोलायला हवं. पण आज नको. आज ते निळे आहेत. संध्याकाळी चहा होऊ दे.”

मला संध्याकाळपर्यंत थांबवेना. अंगणात पेटाऱ्यांमध्ये गवत घालून हूक भरले जात होते. प्रत्येक ठोकल्या जाणाऱ्या खिळ्याबरोबर माझं रक्त चढत होतं. शेवटी मी उठलो आणि तडक शेठच्या केबिनमध्ये घुसलो. दार वाजवलं नाही. आत खरेदीदारांचा माणूस बसला होता, तेही पाहिलं नाही.

“शेठ, हे हूक पाठवू नका! बर्फात काचेसारखे फुटतात! माणसं मरतील!”

खरेदीदाराच्या माणसाचा कप हवेतच थांबला. शेठचा चेहरा आधी पांढरा झाला, मग मी वर सांगितला त्या रंगाचा.

“तुला कोणी सांगितलं?”

“खांबेटेसाहेबांनी!” मी अभिमानाने म्हणालो.

खरेदीदाराचा माणूस सावकाश उठला. “बर्फाचं आमच्या करारात काही नाही,” तो म्हणाला, “पण तपासणीसाहेबांची सही असल्याशिवाय मी माल उचलणार नाही. सही झाली की कळवा.” आणि गेला. साहेबांना बोलावणं आलं. शेठनी कागद पुढे सरकवला. साहेबांनी टेबलावरच्या लोखंडी वजनाला उलटा हात लावला, डोळे मिटले, उघडले.

“सही नाही व्हायची शेठ. हा माल पुन्हा भट्टीत घालू द्या.”

“सही करणारे पुष्कळ मिळतात खांबेटे. आठवड्यात दुसरा आणतो. तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

इतक्या वर्षांची नोकरी कडकन मोडली. घाव घालणारा मी, वेळ निवडणारा मी. साहेबांनी कोट घातला, बादलीतलं बर्फाचं पाणी झाडाला ओतलं आणि बादली काखेत मारून निघाले. मी मागे मागे. थेट कोपरीपर्यंत. दारात माई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं, काखेतल्या बादलीकडे पाहिलं.

“नोकरी गेली वाटतं,” त्या म्हणाल्या. “बरं. पॉट तरी आला.” मग बादलीत नाक घालून, “पण ह्याला हा वास कसला हो?”

मी तिथेच साहेबांच्या पाया पडायला वाकलो. “साहेब, माझ्यामुळे...”

“उठा. बोललात ते सगळं खरं होतं. ताकदही पुरेशी लावलीत. फक्त ताप पाहिला नाहीत.” त्यांनी उलटा हात माझ्या कपाळाला लावला. “आणि स्वतःचाही नाही. तुम्ही तर लालबुंद होतात. लाल माणसाने निळ्या माणसावर पडू नये, दोघांचंही नुकसान होतं. आता रविवारी बर्फ घेऊन या. ज्याने मोडलं त्याने आणायचा.”

आंब्याचे दिवस होते. रविवारी दुपारी आम्ही तिघं टांग्यातून शेठच्या नौपाड्यातल्या घरी गेलो. माईंच्या मांडीवर आटवलेल्या दुधाचं पातेलं, साहेबांच्या मांडीवर पॉट, बऱ्याच वर्षांनी अखंड झालेला, चिंचेने घासून घासून पांढरा केलेला. माझ्याकडे बर्फाचं गोणपाट, एक घण आणि दोन लोखंडी ठोकळे. टांगेवाल्याने माझ्याकडे दरोडेखोराकडे पाहावं तसं पाहिलं. शेठ जेवून, झोपून उठून पडवीतल्या झोपाळ्यावर बसले होते. शेजारी त्यांची वृद्ध आई, गळ्यात तुळशीची माळ. पोरं अंगणात.

“खांबेटे? आता काय राहिलंय?”

“काही नाही शेठ. हिचा पॉट फार दिवसांनी घरी आला. म्हटलं आजींना आंब्याचं आईस्क्रीम द्यावं.”

आईस्क्रीम म्हटल्यावर पोरं पॉटभोवती जमली आणि शेठना काही बोलताच येईना. साहेबांनी बर्फ-मीठ भरलं, आणि भरता भरता सुतळ्या बांधलेल्या काही कांड्या त्यात खोचल्या. हुकांबद्दल अवाक्षर नाही. पोरांनी दांडा फिरवला, दमली. मी फिरवला. मग आंब्याचं दूध घट्ट होऊन दांडा जड झाला तेव्हा शेठ झोपाळ्यावरून उतरले, “सरका, तुमच्याने होणार नाही,” म्हणून स्वतः फिरवायला बसले. साहेब त्यांच्या कपाळावरच्या घामाकडे भट्टीकडे पाहावं तसं पाहत होते.

इकडे मी वरून बर्फ सारखा करत होतो, आणि बर्फाच्या दोन खड्यांमधून माझ्याकडे एक कोळंबी पाहत होती. चांगली मिशाळ. पुढ्यात माळकरी आजी. मी खोकल्याचं नाटक केलं, वाकलो आणि कोळंबी उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली. थोड्या वेळाने आजी नाक उचलून म्हणाल्या, “कसला रे वास येतोय?”

“पोलादाचा, आजी,” मी म्हणालो. “गार केलं की येतो.”

साहेबांनी डोळे मिटले. माईंनी मात्र माझ्या खिशाकडे असं पाहिलं की एका नजरेत त्यांना बर्फाची सगळी वंशावळ कळली. आईस्क्रीम उत्तम झालं होतं. सगळ्यांच्या वाट्या रिकाम्या झाल्या आणि आजींनी विचारलं, “हे बर्फात दोरे कसले सोडलेत?”

साहेब दुपारभर ह्याच प्रश्नाची वाट पाहत होते.

“आजी, त्या शेठच्या हुकांच्या पोलादाच्या कांड्या. त्यांतल्या एकीची जुळी बहीण माझ्या खिशात आहे. शेठ, बघता का? तुमच्याच हाताने.”

शेठनी साहेबांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण पोट गार होतं, अंग ऊन होतं, पोरं टाळ्या पिटत होती आणि आई बघत होती. त्यांनी घण उचलला. खिशातली उबदार कांडी दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवली, शेठनी ताकदीने घाव घातला. कांडी नमस्कार केल्यासारखी वाकली. मोडली नाही. मग मी चिमटा घेतला. ह्या वेळी हात जोडायचे नाहीत, असं मनाला दटावलं.

“गणपती बाप्पा...” साहेब म्हणाले.

“मोरया!” सगळं अंगण ओरडलं, आणि घण पडला. कडकन आवाज झाला. एक तुकडा उडून तुळशीवृंदावनाला लागला.

“ह्याच्याखाली माणसं उभी राहणार का रे?” आजींनी शेठना विचारलं.

शेठनी तुटलेला तुकडा उचलला. त्याचं मोडलेलं तोंड खडीसाखरेसारखं लखलखत होतं. ते बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

“भट्टीत घातलं तर सुधारतं?”

“सुधारतं. पुरतं लाल करायचं आणि हवेवर सावकाश निवू द्यायचं. आतला दाणा बारीक होतो.”

“मग उद्या जरा लवकर या,” शेठ म्हणाले आणि आईस्क्रीमची रिकामी वाटी माईंपुढे धरली. “थोडं आहे का अजून?”

टांग्यात बसल्याबरोबर माई मला म्हणाल्या, “मधू, ते खिशातलं आधी खाडीत टाक. आणि तुम्ही हो, ही बादली उद्या परत घेऊन जा. माझ्या घरात ती आता यायची नाही.” अशा रीतीने साहेब आणि पॉट दोघंही एकाच दिवशी पुन्हा नोकरीवर रुजू झाले. सगळा माल पुन्हा भट्टीत गेला, बर्फात तपासला आणि मगच साहेबांची सही झाली. पुढे त्या हुकांचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “हुकाची बातमी न येणं, हीच हुकाची बातमी.”

ते निवृत्त झाले, तरी आमचा एक नेम राहिला. चतुर्थीला ते ठाण्याहून येत, मी डोंबिवलीला त्यांना येऊन मिळे आणि आम्ही टिटवाळ्याच्या गणपतीला जात असू. “आयुष्यभर त्याच्या नावाने मोडतोड केली,” ते म्हणत, “जाऊन माफी मागायला हवी.” एका चतुर्थीला दर्शन घेऊन आम्ही देवळाबाहेर तळ्याकाठी बसलो. शेजारी लोखंडी कठडा होता. साहेबांनी त्याला उलटा हात लावला, डोळे मिटले. मी ‘हं’ची वाट पाहिली. ‘हं’ आलं नाही. बऱ्याच वेळाने मी माझा उलटा हात त्यांच्या हातावर ठेवला.

डॉक्टर येऊन गेले. गावातल्या लोकांनी गाडीची सोय केली, साहेबांजवळ बसतो म्हणाले. माईंना सांगायला कुणीतरी पुढे जायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी होतो. ज्याला आयुष्यात एक बातमी धड सांगता आलेली नव्हती, तो. ठाण्यापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. सावकाश सांगायचं. आधी तब्येतीचं काढायचं. मग बरं नाही म्हणायचं. मग थोडं थांबायचं. साहेबांनी शिकवलेलं सगळं आठवत होतो.

माई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी चपला काढल्या, हसायचा प्रयत्न केला. “माई, आज गर्दी फार नव्हती,” असं काहीतरी म्हणालो. त्यांनी मान वर करून पाहिलं. माझ्या मागे, रस्त्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग सूप बाजूला ठेवलं, उठल्या आणि माझ्या हातावर आपला उलटा हात ठेवला. तो त्यांनी बराच वेळ तसाच ठेवला.

“हात गार पडलेत रे तुझे,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. “बैस. चहा टाकते. आधी ऊन हो, मग सांग.”

त्या आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग कितीतरी वेळ काहीच आवाज आला नाही. बाहेर आल्या तेव्हा कप माझ्यापुढे ठेवून समोर बसल्या, हात मांडीवर, पाठ सरळ. मी चहा प्यालो. आयुष्यात कधी प्यालो नव्हतो इतका सावकाश.